किती गेलं, श्रीहरी?

श्रीहरीनं पितळी माप चौथ्यांदा रितं केलं आणि पाणी अलगद टोकाला टेकलं.

“चार, साहेब,” तो मोठ्यानं म्हणाला. “म्हणजे आठ मिलिमीटर.”

तारेच्या कुंपणाबाहेर वीस-पंचवीस माणसं उभी होती. मे महिन्यातली सकाळ, नऊही वाजले नव्हते, आणि तलावाच्या पाळीवरची माती चटके द्यायला लागली होती. आज गावाला मुद्दाम बोलावलं होतं. एरवी ह्या कुंपणाकडे कोणी फिरकत नसे. आत लाकडी चौकटीवर लोखंडाचं वाटोळं भांडं, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढं. त्यात पाणी आणि पाण्यात उभं एक पितळी टोक. उन्हानं पाणी उडतं, टोक उघडं पडतं. सकाळी साडेआठला मापानं पाणी घालून टोक पुन्हा बुडवायचं आणि किती मापं लागली ते वहीत लिहायचं. गावानं त्याचं नाव ‘साहेबाचा तवा’ ठेवलं होतं आणि श्रीहरीचं ‘तवेवाला’. “का श्रीहरी, शिजलं का बाप्पा?” असं रस्त्यात विचारून लोक हसायचे. श्रीहरीही हसायचा. बौद्ध मोहल्ल्यातला सरकारी कामाला लागलेला तो पहिला माणूस. हंगामी का असेना, पण वही त्याच्या हातात होती.

खडतकर साहेब नागपूरहून आले होते. मांडवझरीचा हा जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारीतला, तलाव तीन वर्षांपूर्वी खात्यानं दुरुस्त केला. गाळ काढला, बेशरमाची झाडं उपटली, पाळ चोपून घेतली. कमळं परत आली, पाण्यात आपोआप उगवणारं देवधान आलं, बदकं आली. आता ह्या तलावातून पाणी जातं किती आणि उन्हाची ताकद त्या पाण्याचं करते काय, हे मोजायचं काम साहेबांकडे होतं. त्यासाठी तवा, कमळांतल्या खांबावर खाली-वर बांधलेली तापमापकं आणि कागदावर ऊन जाळून दाखवणारा काचेचा गोळा. मोठे हौशी गृहस्थ. जीपमधून उतरले की पाणीसुद्धा न पिता ते तव्यात डोकावायचे आणि विचारायचे, “किती गेलं, श्रीहरी?”

“आता नीट ऐका,” साहेब म्हणाले. “तवा लोखंडाचा, तो तापतो. तलाव एवढा तापत नाही. तव्यातून आठ गेलं तर तलावातून जास्तीत जास्त सहा जायला हवं. आणि तलावातली ती मोजपट्टी काय दाखवते? रोज दहा. हे वरचे चार मिलिमीटर जातात कुठं? साठ एकराचा तलाव आहे. रोजचे जवळजवळ शंभर टँकर होतात.”

“पाळ त नवी हाय,” सरपंच गुणवंतराव तंबाखू मळत म्हणाले. “झिरपाचं कारण नाई. मंग एकच रस्ता रायला.”

सगळ्यांच्या नजरा कोलूकडे गेल्या.

कोलू ढिवर पाळीच्या उतारावर उकिडवा बसला होता. पंचावन्नचा असेल. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, त्याच्या ताब्यात. त्याआधी त्याच्या बापाच्या, डोमाच्या ताब्यात होतं. तुडमाची लाकडी बुचं काढायचा बारा हाती बांबू, टोकाला आकडा लावलेला, त्याच्या मांडीवर आडवा होता. पाणी मोजायची त्याचीही एक रीत होती. रोज सकाळी पाण्याच्या काठाला बांबूची एक खुंटी ठोकायची. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, तशा खुंट्या एकीखाली एक उतरत जातात. धानाला पाणी किती दिवस पुरेल ते तो त्या खुंट्यांवरून सांगायचा आणि चुकायचा नाही.

तव्याचं बोलणं निघालं तशी त्याची मान वर आली. त्यानं कुंपणाकडे पाहिलं. मग श्रीहरीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला.

“तू सांग ना, श्रीहरी,” तो म्हणाला. “तुया तव्याचं खरं हाय का?”

श्रीहरीला राग आला. गावासमोर, साहेबांसमोर, ह्या माणसानं त्याच्या कामावर बोट ठेवलं होतं. साहेबांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुझ्या नोंदी इतक्या स्वच्छ आहेत की तुला कायम करण्याचं मी वर लिहिलं आहे.

“एका थेंबाचा फरक नाई, कोलूभाऊ. मी का सांगू? वही सांगते.”

कोलू उठला, बांबू खांद्यावर घेऊन वर आला आणि जीपच्या चाकापाशी आडवा ठेवला.

“घ्या जी,” तो गुणवंतरावांना म्हणाला आणि उतरून गेला. ना शिवी, ना शपथ. लोक म्हणाले, पाहा, बोलायला तोंड आहे का त्याला?

गुणवंतरावांनी तुडमाच्या तोंडाला साखळी घालून कुलूप ठोकलं. साहेबांची जीप मूल गावच्या रस्त्याला लागली. श्रीहरी घरी आला, भाकर खाल्ली, आणि पोट भरल्यावर त्याला कोलूची कीव आली. चांगला माणूस होता, कशाला असलं करायचं, असं तो बायकोला म्हणालासुद्धा. मग पडवीत आडवा झाला.

दुपारी एकच्या सुमाराला त्याला जाग आली. खांबावरच्या ओल्या तापमापकाचं फडकं बदलायचं राहिलं होतं. खिळ्यावर कुंपणाची किल्ली नव्हती. आपणच कुलूप उघडं ठेवलं की काय, म्हणून तो डोक्याला दुपट्टा बांधून निघाला. पाळीवर चिटपाखरू नव्हतं.

कुंपणाचं दार उघडं होतं आणि आत त्याची माय उभी होती.

अंजनाबाईनं कमरेवरचा पाण्यानं भरलेला गुंड दोन्ही हातांनी उचलला आणि तव्याच्या काठाला टेकवून हळूहळू रिता केला. आवाज होऊ नये, सांडू नये, इतक्या बेतानं. शेवटचे थेंबही झटकले. मग पदरानं काठ पुसला.

“माय!”

म्हातारी दचकली, पण लगेच हसली. चोरून गूळ खाताना सापडलेली पोर हसते तशी.

“तू काऊन आला उनात?”

“तू का करून राह्यली इथी?”

“पाणी टाकून राह्यली. दिसत नाई का? पाय, किती खाली गेलं होतं ते.”

“कवापासून टाकते?”

“होळीपासून. रोज एक गुंड. तू झोपते तवा येते. मी कोनाले सांगतलं नाई, तू घाबरू नको.”

श्रीहरीनं कुंपणाचा खांब धरला. खांब तापला होता, तरी त्यानं हात काढला नाही.

“काऊन पण, माय? काऊन?”

“अरे, तो साहेब आला का पयले भांड्यात पायते. ‘किती गेलं, श्रीहरी? किती गेलं?’ तुले राखाले देल्लेलं पाणी, अन् ते रोज कमी होते. आज ना उद्या तुयावरच आळ येईन का नाई? म्हणन, यानंच नेलं घरी. आपल्या लोकायवर पाण्याचा आळ याले का वेळ लागते बाबू? मी नाई पायलं का? तुयी नवकरी जाईन म्हनून मी आपली...”

पुढचं त्याला ऐकू आलं नाही. एक गुंड म्हणजे तीन मापं. तीन मापं म्हणजे सहा मिलिमीटर. आठ आणि सहा चौदा.

गेल्या मे महिन्यात वहीत तेरा-चौदाच होते. तेव्हा माय बहिणीच्या बाळंतपणाला भद्रावतीला होती. ह्या वर्षी आठ भरायला लागले तेव्हा साहेब केवढे खूश झाले होते! कमळं वाढली, ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं, म्हणून तलावाजवळची हवा गार झाली, असं काहीतरी ते सांगत होते. अहवालात ते लिहिणारही होते. आणि खांबावरची तापमापकं गेल्या वर्षीइतकीच तापत होती. काचेचा गोळा कागद तेवढाच लांब जाळत होता. श्रीहरीला हे दिसलं होतं. रोज दोन्ही आकडे स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्याला दिसणार नाही तर कोणाला? पण साहेब खूश होते, आणि खूश साहेबाला शंका कोण सांगतो?

“माय,” तो म्हणाला, “कोलूभाऊचा बांबू घेतला आज. पाणी चोरलं म्हनून.”

“कोन चोरलं?”

“कोनी नाई. तू टाकत होती, म्हनून तव्यातलं कमी उडलं असं दिसलं. मंग तलावातलं जास्त गेलं असं दिसलं.”

हिशेब अंजनाबाईला कळला नाही. पण कोणाचं काय गेलं ते कळलं. ती तव्याजवळ मटकन खाली बसली.

“डोमाच्या पोराले चोर म्हनलं?” ती म्हणाली. “अरे, आमाले ह्या पाळीवर चढू देत नव्हते मालगुजाराच्या राज्यात. उनाळ्यात पाळीखालच्या आमच्या खड्ड्यात पाणी कुठून येत होतं? डोमा तुडमाचं बूच मूठभर ढिलं ठेवे. रोज. कोनाले न सांगता. त्याच पाण्यावर तुया बाप जगला अन् मी जगली.” ती उठायला लागली. “चाल. सरपंचाकडे चाल. मी सांगते, मी टाकलं म्हनून.”

“नाई.”

“काऊन नाई?”

“कोनाले काई सांगाचं नाई, माय. तुले मायी शपथ हाय.”

हे बोलताना त्यानं मागं वळून पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मायनं ते पाहिलं. तिनं रिता गुंड उचलला आणि त्याच्या पुढून निघून गेली. किल्ली तेवढी त्याच्या हातात ठेवली. खरं किती जातं ते कळावं म्हणून श्रीहरीनं तिनं घातलेली तीन मापं तव्यातून उपसून टाकली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला श्रीहरीनं मापं ओतली. चार झाली, पाच झाली. सातव्या मापाला पाणी टोकाला लागलं. चौदा. दोन महिन्यांतली पहिली खरी नोंद. त्यानं पेन्सिल उचलली आणि वहीत लिहिलं, आठ.

आधी होते ते मायच्या भोळेपणाचे आठ होते. हे आठ त्याचे होते. लिहून झाल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कुंपणात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यानं वही पटकन मिटली.

एकदा थाप मारली की तिला शेपूट फुटतं. तुडमाला कुलूप होतं, बांबू सरपंचाच्या पडवीत होता, तरी मोजपट्टीवर पाणी रोज दहानंच उतरत होतं. उतरणारच. ती पट्टी पाण्यात उघड्यावर उभी, तिच्यावर खोटं लिहायची सोय नव्हती. गुणवंतराव रोज येऊन पट्टी पाहायचे आणि संतापायचे.

“म्हनजे त्यानं पाळीले भोक पाडलं कुठीतरी. हे एकट्याचं काम नोहे. सगळे ढिवर सामील हायेत. साहेब आला का सांगतो, ढिवरायची सोसायटी रद्द करा अन् मासोळीचा ठेका बाहेरच्या माणसाले द्या.”

ढिवरांची बारा घरं होती. श्रीहरीनं मान हलवली. नुसती हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं फाशीची दोरी वळणारा आपणच, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी सात मापं, रोज वहीत आठ.

घरात माय त्याच्याशी बोलेना. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यानं आणलेली भाजी चिरायची, भाकरी टाकायची, आणि त्यानं भरलेल्या माठातलं पाणी मात्र प्यायची नाही. स्वतःपुरता गडवा ती वेगळा भरून आणायची. सत्यशीलानं, त्याच्या बायकोनं, दोनदा विचारलं, माय-लेकाचं काय बिनसलं? तिसऱ्यांदा ती ओरडली.

“अजी, जे काई असन ते निस्तरा! घरात जेवन उतरत नाई कोनाच्या नरड्याखाली.”

नवव्या दिवशी साहेब यायचे होते. श्रीहरी पहाट फुटताच पाळीवर गेला. कोलू काठावर होता. बांबू गेला तरी खुंटी ठोकायचं त्यानं सोडलं नव्हतं. दगडानं खुंटी ठोकत होता. नऊ दिवसांच्या नऊ खुंट्या, सारख्या अंतरानं ओल्या मातीत उभ्या होत्या.

“कोलूभाऊ.”

“हं.”

श्रीहरीनं रात्रभर शब्द जुळवले होते. सांगायचं, चूक झाली, नकळत झाली, म्हातारीचा भोळेपणा. मग कोलूभाऊ म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. पुढच्या वर्षी हळूच बांबू परत देऊ. साहेबांपर्यंत जायला नको.

“तव्यात माय पाणी टाकत होती,” तो म्हणाला. “दुपारी. होळीपासून.”

कोलूनं खुंटीवर आणखी दोन ठोके मारले. हलवून पाहिली. मग दगड खाली ठेवला.

“ठाव हाय,” तो म्हणाला.

“ठाव हाय?”

“मी दिवसभर पाळीवरच बसतो ना बाबू. अंजनाबाई रोज गुंड घेऊन ये. मले वाटे, पाखरायसाठी टाकत असन. त्या दिवशी साहेबानं उलगडा केला तवा समजलं, ते पाणी कायचं होतं.”

“मंग तवाच बोल्ला काऊन नाई?” श्रीहरीचा आवाज चढला. त्याला रडू येत होतं आणि ते रागासारखं बाहेर पडत होतं. “चार लोकांत चोर ठरला, अन् बोल्ला नाई?”

“इचारलो ना तुले. तव्याचं खरं हाय का म्हनून.”

श्रीहरीची नजर खुंट्यांवर गेली.

“तू म्हनला, एका थेंबाचा फरक नाई,” कोलू म्हणाला. आवाजात राग नव्हता. हवापाणी सांगावं तसं तो सांगत होता. “मले वाटलं, तुले ठाव हाय. म्हनलं, याची नवकरी पक्की होऊन राह्यली हाय, मायचं नाव चार लोकांत कसं घेईन हा? मंग म्या तरी काऊन घ्याव त्या म्हातारीचं नाव?”

मला ठाऊक नव्हतं, कोलूभाऊ. तेव्हा ठाऊक नव्हतं. हे वाक्य श्रीहरीच्या जिभेवर आलं. खरं होतं, अगदी खरं होतं. पण मधल्या आठ सकाळी त्याच्या समोर खुंट्या होऊन उभ्या होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. ते वाक्य त्यानं गिळलं.

कोलूनं पाण्यात हात धुतले, जाळं खांद्यावर टाकलं आणि तो कमळांच्या बाजूनं चालू लागला.

जीप साडेआठला आली. गुणवंतराव आधीच येऊन उभे होते, हातात अर्ज होता, मागं आठ-दहा माणसं. अंजनाबाई मोहल्ल्याच्या बाजूच्या उतारावर रिता गुंड कमरेवर घेऊन थांबली होती. शपथ घातली होती म्हणून ती पुढं येत नव्हती, आणि जातही नव्हती.

साहेब उतरले. नेहमीसारखे सरळ कुंपणात शिरले आणि तव्यात डोकावले.

“किती गेलं, श्रीहरी?”

श्रीहरीनं माप भरलं. एक, दोन, तीन, चार. चार झाल्यावर साहेबांनी मान डोलावून वहीकडे हात केला. श्रीहरीनं वही दिली नाही. त्यानं पाचवं माप भरलं. सहावं. कुंपणाबाहेरचं बोलणं थांबलं. सातव्या मापाला पाणी टोकाला टेकलं.

“चौदा, साहेब,” तो म्हणाला. “रोज चौदाच जात होतं.”

“म्हणजे? वहीत तर...”

“वहीतलं खोटं हाय. होळीपासून मायी माय तव्यात रोज एक गुंड पाणी टाकत होती. मायी नवकरी जाऊ नये म्हनून. तिले समजत नव्हतं.” पाळीवरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो पुढं बोलला. “पन मांगचे आठ दिवस तिनं टाकलं नाई. त्या दिवसायचे खोटे आकडे म्या लिवले. जानूनबुजून.”

साहेबांचा चेहरा उतरला. गार झालेल्या हवेचा त्यांचा अहवाल त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असावा. मग खिशातून पेन काढून त्यांनी तळहातावरच आकडेमोड केली.

“चौदा,” ते पुटपुटले. “म्हणजे तलावातून...” ते थांबले. “दहा. दहाच जायला हवं.”

गुणवंतरावांनी अर्जाची घडी घातली.

श्रीहरीनं वही तव्याच्या काठावर ठेवली, वर पेन्सिल ठेवली आणि कुंपणाची किल्लीही ठेवली. कमळांच्या पलीकडे कोलू जाळं फेकत होता. इकडचं त्याला ऐकू गेलं असेल किंवा नसेल, त्यानं वळून पाहिलं नाही.

“सरपंचसाहेब,” श्रीहरी म्हणाला, “तुमच्या पडवीतला बांबू मी घेऊन जातो. त्याले नेऊन द्याचा हाय.”

तो उतरायला लागला, तेव्हा माय त्याच्या पुढं चालत होती. हापशीवर ती थांबली, गुंड भरला आणि तो येईपर्यंत तिथंच उभी राहिली.